डागासकट अस्सल

तिघांनीही धाकटीला वेगवेगळं गाठलं होतं, आणि तिघांनीही तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं. बाकीच्या दोघांना यातलं अवाक्षर कळता कामा नये.

थोरल्या काकांनी गाठलं ते जिन्यात. ती बाळाला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी सांभाळत वर चढत होती आणि काका खाली उतरत होते. त्यांनी आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि चोरीचा माल विकायला निघाल्यासारखा आवाज काढला. "अण्णांच्या हातचं एक पत्र आहे माझ्याकडे. बँकेच्या लॉकरमध्ये. फक्त मलाच दिलेलं. छोट्याजवळ बोलू नकोस, त्याला लागेल." अण्णा म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, आणि छोट्या म्हणजे तिचे सासरे, बाबा. वय वर्षं एकोणसत्तर, दोन्ही गुडघे बदललेले.

सासऱ्यांनी गाठलं ते स्वयंपाकघरात, ती बाळाच्या बाटल्या उकळत होती तेव्हा. "माझ्या कपाटात खालच्या फळीवर जो कागद अंथरलाय ना, त्याच्याखाली हात घालू नकोस," अशी त्यांनी सुरुवात केली आणि मग त्याच्याखाली काय आहे ते सविस्तर सांगितलं. "दादाला कळलं तर त्याचं ब्लडप्रेशर वाढेल. थोरला ना तो. त्याला वाटतं, सगळं आधी त्यालाच मिळालं."

आत्याने फोन केला. आत्या फोनवर कधी इकडचं तिकडचं बोलत नसे, तब्येतसुद्धा विचारत नसे. तब्येत आवाजावरून कळते म्हणे.

"माझ्याकडेही एक पत्र आहे अण्णांचं. त्या दोघांना माहीत नाही. मला त्याची किंमत नको, ग्रंथालयातली पाटीबिटी नको. तू मला एवढंच सांग, की ते त्यांनी आपणहून पाठवलं की आईने पाठवायला लावलं."

"ते कागदावरून कसं कळणार, आत्या?"

"पाकिटावर पत्ता आईच्या अक्षरात होता. आतलं अक्षर अण्णांचं. पण आईला त्यांचं अक्षर हुबेहूब काढता यायचं, दुकानाची निम्मी पत्रं तीच लिहायची. एक्कावन्न वर्षं मी ते पत्र उलटं करून बघते, सुलटं करून बघते. तू कागदवाली ना? मग विचार कागदाला."

कागदवाली हे नाव आत्यानेच पाडलेलं. धाकटी ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात सहा वर्षं फाटकी पानं सांधत होती. बाळ झाल्यापासून रजेवर होती आणि आता बाळाची फाटकी झबली सांधत होती. गावातल्या जुन्या छापखान्यांसाठी ग्रंथालय एक दालन उघडणार होतं. अण्णांच्या शिळाछाप दुकानातली लेबलं, नमुन्यांच्या वह्या, आणि ‘संस्थापकांच्या हातचं काही अस्सल असल्यास’ तेही त्यांना हवं होतं. तपासायला बाहेरचा माणूस कशाला, घरचीच आहे की, असं थोरल्या काकांनी परस्पर कळवून टाकलं होतं. ‘संशोधक’ असा शब्दही त्यांनी वापरला होता. धाकटीला त्या आठवड्यात सलग तीन तास झोप मिळाली असती, तर तिने हरकत घेतली असती.

रविवारी सकाळी थोरल्या काकांच्या जेवणाच्या टेबलावरचा मेणकापडी आच्छादन काढून पांढरी चादर अंथरली. आतल्या खोलीत बाळ झोपलं होतं, दोन्ही बाजूंना लोड लावून. पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. धाकटीने हात धुऊन कोरडे केले, भिंग काढलं, पट्टी काढली, ग्रंथालयाचा फॉर्म उलगडला. रकाने तीन. वस्तूचं वर्णन मापांसकट, अस्सल की प्रत, अंदाजे किंमत.

पहिली वीस मिनिटं लेबलांत गेली. चहाच्या डब्यांची, साबणाची, केसांच्या तेलाची. तेलाच्या लेबलावरची बाई सगळ्यांना ठाऊक होती. तिचे केस इतके लांब होते की लेबलाला वळसा घालून पुन्हा तिच्याच पायाशी यायचे.

"हे अस्सल," थोरले काका प्रत्येक लेबल ठेवताना सांगत होते. "हेही अस्सल. हे तर एकदमच अस्सल."

"काका, हे ऑफसेटवरचं आहे. बघा, ठिपके दिसतायत. दगडावरच्या छपाईत असे ओळीत उभे राहिलेले ठिपके नसतात."

काकांनी भिंगातून बघितलं आणि भिंगच पुसलं.

"हे तू छापून घेतलं होतंस दादा, दुकान बंद व्हायच्या आधीच्या वर्षी," बाबा म्हणाले. "बाईचे केस आखूड आलेत बघ. कागद वाचवलास."

"मला फरक कळत नाही असं म्हणायचंय तुला? दुसऱ्याच्या छपाईतली खोट मी दहा पावलांवरून सांगत होतो."

"दुसऱ्याच्या. तेच म्हणतोय मी."

आत्या टेबलाच्या टोकाला बसली होती आणि लेबलांना हात लावत नव्हती. विसाव्या वर्षी तिने समोरच्या छापखान्यातल्या कंपोझिटरशी लग्न केलं. नुसतं मनाविरुद्ध लग्न अण्णांनी कदाचित गिळलं असतं. पण हा माणूस शिशाचे, अक्षरांचे खिळे जुळवणारा, आणि अण्णांच्या लेखी खिळे जुळवणं ही छपाईच नव्हती. ती शर्टाला बटणं लावण्याच्या फार तर वरची पायरी होती. त्या दिवसापासून त्यांनी लेकीचं नाव टाकलं. पुढे अकरा वर्षं जगले, पण नाव घेतलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी टपालाने ते एक पत्र तेवढं आलं होतं.

लेबलं संपली. प्रत्येक जण बाकीच्या दोघांच्या उठण्याची वाट बघत होता. कुणी बाथरूमला जाईना. बाबांना खरं तर दर अर्ध्या तासाने जावं लागे. ते पाय आवळून बसले होते. काकू चहा घेऊन आल्या, तिघांच्या तोंडांकडे बघून कप ठेवले आणि जायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसल्या.

"काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही जात."

धाकटी वचनाला बांधलेली होती, तेही तीनदा. तिने फॉर्ममधली ओळ मोठ्याने वाचली. "संस्थापकांच्या हातचं काही अस्सल असल्यास." आणि पेन टेबलावर ठेवून ती गप्प बसली. बाळाला झोपवताना जमतं तसं, काहीही न करता बसणं तिला हल्ली फार छान जमू लागलं होतं.

काकांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. बाबांचा शर्टाच्या आत, बनियनपाशी. आत्याने पर्सची चेन उघडली. मग तिघांनीही एकमेकांकडे बघितलं, पण तोवर उशीर झाला होता.

तीन कागद चादरीवर आले. काकांचा प्लास्टिकच्या पिशवीत, बाबांचा खालच्या फळीवरच्या कागदाचा वास घेऊन, आत्याचा चार घड्यांचा, घड्यांवर झिजून पातळ झालेला. धाकटीने तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींवर तारीख एक, मजकूर एक, अक्षर एक.

*अनेक आशीर्वाद. असं कधी लिहिलं नाही, म्हणून हात अवघडतो आहे. माझं मन तुझ्याइतकं कुणी ओळखलं नाही. दुकान राहील न राहील, तू आहेस तोवर मला घोर नाही. हे पत्र दुसऱ्या कुणाला दाखवू नये, उगाच मनं दुखावतील.*

आतल्या खोलीत बाळ झोपेत चुटचुटलं आणि थांबलं.

"याने नक्कल करून घेतलीय," काका म्हणाले.

"कुणाची? तुझी? ती लॉकरमध्ये होती ना, मी काय बँक फोडली?"

"म्हणजे तुला लॉकर माहीत आहे."

"आत्ता तूच पिशवीवरच्या बँकेच्या चिठ्ठीसकट ठेवलीस समोर."

"माझं पत्र अण्णांनी माझ्या हातात दिलंय. दुकानाची किल्ली दिली त्या दिवशी. हे असं," काकांनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं.

"मला होस्टेलवर पाठवलं होतं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, दादाला नुसती किल्ली मिळाली."

काकू वाकून बघत होत्या. "हा चौथ्या ओळीतला डाग काय आहे हो? लंगड्या कोंबड्यासारखा?"

"शाई सांडली असेल," काका म्हणाले.

"तिन्हीवर? तिन्हीवर त्याच जागी, आणि तिन्ही कोंबड्यांचा डावाच पाय लंगडा? भलतेच शिस्तीचे होते हो मामंजी."

धाकटीने खाली घातलेली मान वर केली नाही, नाहीतर हसू फुटलं असतं. तिने एकेक कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. टाकाने लिहिलेल्या कागदाला पाठ असते. टोक रुतलेलं बोटाला लागतं. इथे तिन्ही पाठी गुळगुळीत होत्या. भिंगाखाली शाई सगळीकडे सारखीच काळी होती, वळणावर गडद नाही, टाक उचलला तिथे फिकी नाही.

ती काय बघतेय हे काकांना तिच्याआधी कळलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"काका, तुम्हीच सांगता का?" ती हळूच म्हणाली.

"चरबीच्या शाईने लिहायचं," काका कागदाकडे बघत म्हणाले, लहानपणी पाठ केलेलं म्हणावं तसं. "लिहिलेला कागद दगडावर उलटा दाबायचा. शाई दगड धरतो. मग दगड ओला करायचा, रूळ फिरवायचा, आणि हव्या तेवढ्या प्रती काढायच्या."

"आणि हाताने लिहिलेला तो कागद?"

"तो फेकायचा. त्याच्यावर काही उरत नाही."

"म्हणजे अस्सल पत्र नाहीच," बाबा म्हणाले. "एकच लेबल, तीन बाटल्यांना लावलेलं."

"आपण छापखान्यात वाढलो," काका म्हणाले. "पन्नास वर्षं कपाटात छापील कागद ठेवला आणि एकदा भिंग लावून बघितलं नाही."

"कसं बघणार? भिंग दुकानात. तिथे बघायचं तर दुसऱ्याला दाखवल्यासारखं झालं असतं. आणि दाखवायचं नाही म्हणून लिहिलेलं. बाप हुशार होता, दादा."

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मग दर भांडणात तुम्ही म्हणायचात ना, ‘माझ्याजवळ काय आहे ते तुला माहीत नाही’, ते हे होय?"

"तू गप्प बस."

बाबाही हसायला लागले, आणि काका रागावण्याच्या तयारीत असतानाच त्यांनाही हसू आलं. दोघं भाऊ कितीतरी दिवसांनी एकाच गोष्टीला हसत होते. धाकटीने आत्याकडे बघितलं. आत्या हसत नव्हती. ती आपला कागद परत घडी घालत होती, जुन्या घड्यांवरून, सवयीच्या हाताने.

"म्हणजे आईने लिहिलं असलं तरी कळणार नाही," आत्या म्हणाली. आवाज साधा होता. "छापल्यावर कुणाचा हात, ते जातंच. चला. लागला निकाल."

"कसला निकाल, ताई?" बाबांनी विचारलं.

"काही नाही रे. उगाच होतं एक मनात. तुमच्यासाठी छापलं असणार त्यांनी. राहिलेली एक प्रत आईने उचलली आणि मला टाकली पोस्टात. पत्ता तिचाच होता. बरोबर जुळतंय सगळं."

हसणं थांबलं. काकांनी उगाच चहाचा कप सरकवला. धाकटीच्या मनात आलं, सांगावं काहीतरी. अक्षर अण्णांचंच आहे, मी ओळखते, शपथेवर. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? पण ज्या बाईने एक्कावन्न वर्षं कागद उलटासुलटा केला, तिला थाप लगेच कळली असती. आणि मग कागदवालीच्या शब्दालाही काही किंमत उरली नसती.

"आत्या, जरा परत द्या. फॉर्मवर लांबी-रुंदी लिहायचीय."

"आता कशाला?"

"रकाना आहे. रिकामा सोडला की ग्रंथालयवाले फोन करतात."

आत्याने कागद दिला. धाकटीने पट्टी लावली. उंची तिन्हींची सारखी. काकांच्या कागदाची डावी कड गिरणीतून आल्यासारखी सरळ होती आणि उजवी सुरीने कापलेली, किंचित नागमोडी. बाबांच्या कागदाची उजवी सरळ, डावी नागमोडी. आत्याच्या कागदाच्या दोन्ही कडा नागमोडी होत्या. ती दुसऱ्यांदा मोजायला लागली, मग मोजायचं सोडून तिने आत्याचा कागद काकांच्या कागदाला भिडवला. वळण वळणात बसलं. दुसऱ्या बाजूने बाबांचा भिडवला. तोही बसला.

"काय करतेयस?" काका म्हणाले.

"खिडकीपाशी या. तिघंही. आपापला कागद धरा. नाही, असे नाही. काका डावीकडे, बाबा उजवीकडे. आत्या, तुम्ही मध्ये."

"तिघांचं एकत्र फोटोला उभं राहणं पहिल्यांदाच," काकू म्हणाल्या.

तिघं खिडकीशी उभे राहिले. तिघांची उंची तीन तऱ्हेची, त्यामुळे काकांना वाकावं लागलं आणि बाबांना टाचा उचलाव्या लागल्या. धाकटीने मागून कडा जुळवून धरल्या. उजेड कागदातून आला आणि कागदाच्या पोटातली गिरणीची खूण दिसू लागली, जी टेबलावर कधीच दिसत नाही. काकांच्या कागदात जहाजाचं नाक होतं. बाबांच्या कागदात मागचा भाग, सुकाणूसकट. आणि आत्याच्या कागदात मधला सगळा डोलारा, डोलकाठी आणि फुगलेली शिडं.

"हा एकच मोठा कागद होता," धाकटी म्हणाली. "तिन्ही मजकूर एकाच कागदावर शेजारी शेजारी छापलेत. मग सुरीने दोनदा कापलंय. आत्याचा भाग मधला आहे."

काका आणखी वाकले.

"अगं पण म्हणजे," ते म्हणाले आणि थांबले. दहा पावलांवरून खोट ओळखणारा माणूस आता वीतभर अंतरावरून बघत होता. "म्हणजे एका दगडावरून तीन छाप काढून ते मोठ्या दगडावर शेजारी शेजारी बसवले असणार. असा कागद छापायला घेतला, तर आधी आखून घ्यावं लागतं. किती बसवायचे, कुठे बसवायचे. दोनच हवे असते तर त्यांनी दोन बसवले असते. अण्णा एक बोटभर कागद वाया घालवायचे नाहीत."

"उरलेली प्रत नाही ही, ताई," बाबा म्हणाले.

"लिहिलं कुणी, ते मला खरंच सांगता येणार नाही, आत्या," धाकटी म्हणाली. "आजींचाही हात असेल. पण आजी दगडाला हात लावायच्या?"

"आई? दुकानाच्या उंबऱ्याच्या आत तिला दगड पुसायलासुद्धा घेत नव्हते." आत्या कागदातून येणाऱ्या उजेडाकडे बघत होती. "दगड ते एकटेच लावायचे. दार लावून." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच म्हणावं तसं, "आणि मला मध्ये ठेवलं. टोकाला नाही."

काका वाकलेलेच राहिले. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते पुसत नव्हती, कारण हात सोडला असता तर जहाज मोडलं असतं.

शेवटी बाबांच्या टाचांनीच माघार घेतली. सगळे टेबलापाशी परत आले. आणि परत आल्या आल्या दोघं भाऊ पूर्वीसारखे झाले.

"आता याची किंमत काय धरशील?" काकांनी विचारलं.

"सुटं सुटं काहीच नाही, काका. छापील कागद. पण तिन्ही मिळून ठेवलं तर दालनात याच्यासारखी दुसरी वस्तू नसेल."

"मग तिन्ही मिळून दे. पाटीवर माझं नाव पहिलं, नाक माझ्याकडे आहे."

"सुकाणू माझ्याकडे आहे," बाबा म्हणाले. "जहाज कुठे जातं ते सुकाणू ठरवतं."

"बघू, तुझा कागद ठेव इथेच. हिला लिहायला बरं पडेल," काका आत्याला म्हणाले.

आत्याने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

"माझा मी आज देत नाही."

"अगं, मधला तुकडा नसेल तर आमच्या दोघांच्या कागदांचं काय करायचं?"

"तेच तर."

"मग कधी देणार?"

"माझ्या घरी असेल. न्यायला या."

आत्या या घरी यायची, लग्नाकार्याला, आजारपणाला, आजही आली होती. तिच्या घरी मात्र या दोघांपैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आधी अण्णांची मनाई होती. अण्णा गेल्यावर मनाई कुणी उठवली नाही, कारण कुणी तशी ठेवलीही नव्हती. नुसतंच राहून गेलं होतं, वर्षानुवर्षं, फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहतं तसं.

"मी जाऊन आलेय दोनदा," काकू म्हणाल्या.

काकांनी वळून बघितलं. "तू? कधी?"

"तुमचं लॉकर होतं, तसं माझंही होतं."

आत बाळ उठलं. आधी एक प्रश्नार्थक हुंकार, मग खणखणीत तक्रार. धाकटीने फॉर्मवर भिंग ठेवलं आणि आत धावली. बाळाला खांद्यावर टाकून ती बाहेर आली तेव्हा थोरल्या काकांनी तिचंच पेन घेतलं होतं आणि ते लेबलाच्या कोऱ्या पाठीवर लिहायच्या बेतात होते. लेबल ऑफसेटचं होतं, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

"गल्ली कळली," ते म्हणत होते. "इमारतीचं नाव लिहिलं. मजला?"

"चौथा. लिफ्ट नाही."

"दारावर पाटी कुणाच्या नावाची?"

आत्याने जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं. "दोघांच्या. खिळ्यांनी जुळवलेली आहे, शिशाच्या. तुला आवडायची नाही."

"आवडायला कशाला पाहिजे? वाचता आली म्हणजे झालं," काका म्हणाले, आणि त्यांनी मेहुण्यांचं नाव लिहिलं. आडनावासकट, पूर्ण. लिहून झाल्यावर लेबल लांब धरून एकदा वाचून बघितलं.

बाबा इतका वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"ताई," त्यांनी विचारलं, "जिन्याला कठडा आहे का गं?"

"आहे," आत्या म्हणाली. "दोन्ही बाजूंना."